पहिला बटवडा, पहिली कॅसेट

'उमेदवारीचे दिवस' हा यंदाच्या अंकाचा विषय असल्याचे संपादकांनी कळविले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा मुंबईतील पेढ्यांचे मुनीम, मामलेदार कचेरीतील बारनिशी आणि वकिलांच्या हाताखाली नकला करण्यात सरलेली तारुण्यातील वर्षे असावीत. परंतु माझ्या पिढीची, म्हणजे १९९० नंतरच्या दशकात महाविद्यालयात असलेल्या मुलामुलींची, उमेदवारी बव्हंशी उन्हाळ्याच्या सुटीत उरकली जात असे, तिला ना नेमणुकीचा हुकूम असे ना बढतीची आशा, आणि तरीही त्या थोडक्या दिवसांची स्मृती पुढील कायम नोकरीच्या स्मृतीपेक्षा अधिक सजीव राहिलेली आहे, असे समवयस्कांशी बोलताना मला वारंवार आढळले. त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की या आठवणी सांगणारा मनुष्य वरिष्ठाचे नाव विसरतो, मेहनतान्याचा आकडा विसरतो, परंतु त्या उन्हाळ्यात कोणते गाणे वाजत होते ते क्षणाचाही विलंब न लावता सांगतो. आणि ते गाणे बहुधा नाट्यगीत नसते, भावगीत नसते, पुष्कळदा चित्रपटातीलही नसते, ज्याला आम्ही सरसकट पॉप म्हणत असू त्या जातीचे असते.

माझी उमेदवारी बंगळूरच्या जे. पी. नगरात झाली. बेळगावच्या महाविद्यालयात वाणिज्य शाखेचे दुसरे वर्ष संपवून मी १९९६ च्या उन्हाळ्यात मावशीकडे गेले आणि तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या एका ऑडिटरच्या कचेरीत रुजू झाले. ती वस्ती पुन्हा पायाखाली घालावी, त्या वेळी बरोबर काम केलेल्यांपैकी जे भेटतील त्यांना भेटावे, आणि आज तेथे उमेदवारी करणारी मुले काय ऐकतात तेही पाहावे, एवढा हेतू धरून मी यंदा तेथे गेले.

घरांच्या माडीवरील कचेऱ्या

आज जे. पी. नगरात जाणारा मनुष्य बहुधा मेट्रोच्या हिरव्या मार्गाने जातो. २०१७ च्या जूनमध्ये हा मार्ग दक्षिणेस येलचेनहळ्ळीपर्यंत सुरू झाला, आणि कनकपुरा रस्त्यावर खांबांवर उभारलेल्या स्थानकामुळे जयप्रकाश नगर हे या वस्तीचे संपूर्ण नाव पुन्हा लोकांच्या कानी पडू लागले. बंगळूर विकास प्राधिकरण १९७६ साली स्थापन झाले, लोकनायक जयप्रकाश नारायण १९७९ च्या ऑक्टोबरात निवर्तले, आणि त्याच सुमारास सारक्की, पुट्टेनहळ्ळी अशा खेड्यांच्या शिवारांवर पसरू लागलेल्या या वसाहतीस त्यांचे नाव लाभले. मराठी वाचकास येथे एका गोष्टीचे स्मरण करून द्यावेसे वाटते, ते असे, की आणीबाणी पुकारली गेली तेव्हा या शहरात आलेले आपले मधू दंडवते हे अटलबिहारी वाजपेयी आणि लालकृष्ण अडवाणी यांच्यासह येथेच पकडले गेले व येथील मध्यवर्ती कारागृहात स्थानबद्ध राहिले. जयप्रकाशांचे नाव धारण करणाऱ्या वस्तीत हिंडताना हा संबंध माझ्या मनातून जात नाही.

वसाहतीचे टप्पे आकड्यांनी ओळखले जातात, आणि भूखंड तीस बाय चाळीस किंवा चाळीस बाय साठ फुटांचे. सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यांत आयुष्य घालविलेल्या कुटुंबांनी ते मुदतीने हप्ते भरून घेतले, तळमजला बांधून राहावयास आले, आणि मुलांची शिक्षणे होऊन हाती चार पैसे खेळू लागल्यावर वरचा मजला चढवून भाड्याने दिला. माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये होते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० च्या डिसेंबरात ज्या विमान कारखान्याचा पाया बंगळुरात घातला, त्याच्याच आधाराने दोन पिढ्यांतील कितीतरी मराठी घरे या शहरात स्थिरावली, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी सांगितली जात नाही. अशा घरांच्या माडीवर दंतवैद्य, शिकवणीचे वर्ग, विम्याचे प्रतिनिधी आणि ऑडिटर यांच्या कचेऱ्या थाटल्या जात. जिना बाहेरून असे, चपला जिन्याच्या पायऱ्यांवर काढून ठेवण्याची रीत असे, आणि जी खोली घरमालकाने मुलाच्या लग्नानंतरची म्हणून बांधलेली असे तिच्यात लोखंडी कपाटे, बाडे बांधलेली दप्तरे आणि खटखटणारा टंकलेखनयंत्राचा मेज येऊन बसे.

मी हिंडले त्या गल्ल्यांत ही रचना अद्याप पुष्कळ अंशी टिकून आहे. फलक बदलले आहेत. जेथे विम्याचा प्रतिनिधी बसे तेथे आज संगणकावर चित्रे हलविणाऱ्या तरुणांची कंपनी आहे. परंतु जिना बाहेरूनच आहे, आणि पायऱ्यांवर चपलाही आहेत.

हिरवी पेन्सिल, लाल पेन्सिल

ऑडिटरकडील उन्हाळी कामाचे स्वरूप, ज्यांनी ते केलेले नाही त्यांच्यासाठी, थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. मार्चअखेरीस वर्ष संपले, की एप्रिलपासून अशिलांची दप्तरे कचेरीत येऊ लागत: लाकडाच्या वखारीचे, औषधाच्या दुकानाचे, छापखान्याचे, मंगल कार्यालयाचे. प्रत्येक दप्तरात कीर्द, खतावणी, बँकेची पुस्तके आणि सुतळीत ओवलेल्या पावत्यांचे गठ्ठे. आम्हां उमेदवारांकडे पावत्यांची रुजुवात असे. एकाने व्हाउचर हाती घेऊन तारीख, नाव व रक्कम मोठ्याने वाचावयाची, दुसऱ्याने कीर्दीतील नोंदीपुढे हिरव्या पेन्सिलीने खूण करावयाची, आणि पावती नसेल तेथे लाल. मग पानांच्या बेरजा, मग बँकेच्या शिलकेचा मेळ, मग खात्यांची तेरीज, आणि तेरीज जुळली म्हणजे ताळेबंदाचा कच्चा मसुदा वरिष्ठांपुढे. या कामात बुद्धीस आव्हान फारसे नसे, अवधान मात्र अखंड लागे. हात व डोळे गुंतलेले, पण कान सर्वस्वी मोकळे, अशी ही अवस्था असे. आणि संगीत मनात खोल उतरण्यास इतकी अनुकूल अवस्था दुसरी क्वचितच असेल, असे मला आज वाटते.

ब्रिटिश आकाशवाणीने १९४० च्या जूनमध्ये, युद्ध ऐन भरात असताना, कारखान्यांतील कामगारांसाठी काम करता करता ऐकण्याचा संगीताचा कार्यक्रम सुरू केला आणि तो १९६७ पर्यंत चालविला, तो याच जाणिवेने. त्यातील गाणी कशी असावीत याचे नियम होते: ठेका स्थिर हवा आणि यंत्राच्या आवाजातूनही सूर ओळखू आला पाहिजे. आमच्या कचेरीत संगीताला परवानगी नव्हती. ते खालून येत असे.

त्या कचेरीत एक संगणकही होता, काचेच्या खोलीत, झाकण घातलेला, आणि त्यावर टॅली चालत असे. जमाखर्चाचा हा कार्यक्रम श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे पुत्र भरत यांनी याच बंगळुरात १९८६ साली आरंभिलेल्या उद्योगातून निघाला, आणि पुढे त्याने देशातील लक्षावधी दुकानांच्या कीर्दी-खतावण्या पोटात घेतल्या. आम्ही हाताने ज्या बेरजा तपासत होतो त्या तपासण्याची गरजच नाहीशी करणारे यंत्र चार पावलांवर बसलेले होते, आणि आमच्यापैकी कोणालाही त्याची भीती वाटत नव्हती. ते वापरावयास केव्हा मिळेल एवढीच उत्सुकता होती.

खालच्या दुकानातून

इमारतीच्या तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूस, कॅसेट भरून देणारे दुकान होते. आजच्या तरुण वाचकास हा व्यवसाय समजावून सांगावा लागेल. गिऱ्हाईक कोऱ्या कागदावर गाण्यांची यादी लिहून देई. दुकानदार आपल्या संग्रहातील तबकड्या व कॅसेटी धुंडाळून ती गाणी त्या क्रमाने एका कोऱ्या कॅसेटवर उतरवी, मिनिटांचा हिशेब करून दोन्ही बाजू अशा भरी की शेवटचे गाणे अर्ध्यावर तुटू नये, आणि वेष्टनावर बोरूसारख्या टोकाच्या पेनने नावे लिहून देई. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बाजारात आणलेल्या या डबीतील फीत रुंदीला चार मिलिमीटरही नसते, आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने ती सरकते. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूस तीस मिनिटे, नव्वदीला पंचेचाळीस. कायद्याच्या दृष्टीने ही यादीची भरणी हक्कभंगच होती, आणि १९९५ च्या मे महिन्यात अधिक कडक झालेला स्वामित्वहक्काचा कायदा अमलात आल्यावर अनेक दुकानांनी ती उघडपणे करणे सोडले. परंतु गावोगावच्या तरुणांना आपल्या आवडीची क्रमवारी स्वतः ठरविण्याचा अधिकार प्रथम या दुकानांनी दिला, हेही तितकेच खरे.

दुकानदार सकाळी शटर उघडताच नव्वद मिनिटांची कॅसेट लावी, एक बाजू संपली की ती उलटी करी, आणि गिऱ्हाईक आल्यावाचून दुसरी लावीत नसे. परिणाम असा झाला, की माडीवर आमचा वेळ घड्याळापेक्षा कॅसेटच्या बाजूंनी मोजला जाऊ लागला. अमुक दप्तराची एप्रिल ते जून ही तिमाही एका बाजूत संपली पाहिजे, असे माझा जोडीदार म्हणे, आणि खरोखरच गाण्यांच्या ठेक्यावर त्याचे आकडे वाचणे व माझे खुणा करणे एका लयीत पडे.

आणि काय काय वाजे? कन्नडातील भावगीतांची मोठी परंपरा होती. मैसूर अनंतस्वामींनी स्वरबद्ध केलेल्या निसार अहमद यांच्या कवितांची 'नित्योत्सव' ही १९७८ ची कॅसेट या परंपरेतील पहिली मानली जाते, आणि सी. अश्वत्थांनी संत शिशुनाळ शरीफांची पदे घरोघर पोहोचविली होती. १९८७ च्या 'प्रेमलोक' चित्रपटाच्या हंसलेखांच्या गाण्यांनी कन्नड कॅसेटचा बाजारच पालटून टाकला, असे जुने दुकानदार सांगतात. तमिळ गाणी होतीच. १९९४ च्या 'काधलन'मधील प्रभुदेवाचे नृत्य ज्याने पाहिले नाही असा मुलगा त्या रस्त्यावर सापडला नसता. परंतु दुपारी, गिऱ्हाईक नसताना, दुकानदार स्वतःच्या खुशीने जे लावी ते निराळे होते: बाबा सेहगल, दलेर मेहंदी, आणि पुनःपुन्हा अलिशा चिनॉयची 'मेड इन इंडिया'.

१ जून १९९६ हा शनिवार होता. त्या दिवशी दुपारी खालचे गाणे एकाएकी थांबले आणि रेडिओ सुरू झाला, कारण कर्नाटकाचे मुख्यमंत्री देवेगौडा देशाचे पंतप्रधान म्हणून शपथ घेत होते. वरिष्ठांनी आपण होऊन खिडकी उघडली, सर्वजण जिन्यात उभे राहिले, आणि उडुपीकडचा माझा जोडीदार, जो एरवी फारसा बोलत नसे, त्याने शेजारच्या बेकरीतून सर्वांसाठी बन आणले. बातम्या संपल्यावर दुकानदाराने कॅसेट जेथे थांबली होती तेथूनच पुढे लावली.

एका शहरातील दोन मुलगे

'मेड इन इंडिया' हे गाणे १९९५ चे, मॅग्नासाउंड कंपनीने काढलेले. त्याच्या दृश्यचित्रात आपला मिलिंद सोमण होता, आणि नव्याने आलेल्या उपग्रह वाहिन्यांनी ते इतके दाखविले, की चित्रपटाच्या आधारावाचून एखादे गाणे देशभर पोहोचू शकते याविषयी कोणाला शंका उरली नाही. या गाण्याचे संगीतकार बिद्दू. ते १९४५ साली बंगळुरातच जन्मले, कोडगूच्या डॉक्टरांचे चिरंजीव, बिशप कॉटन शाळेचे विद्यार्थी. रेडिओ सिलोनवरील पाश्चात्त्य गाणी ऐकून गिटार शिकले, ट्रोजन्स नावाचा वाद्यवृंद काढून बीटल्सची गाणी म्हणू लागले, आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनला गेले. तेथे १९७४ साली त्यांनी कार्ल डग्लस या गायकाकडून 'कुंग फू फायटिंग' हे गाणे तबकडीची दुसरी बाजू भरून काढावयाची म्हणून, स्टुडिओची मुदत संपता संपता उरलेल्या दहाएक मिनिटांत गाऊन घेतले. ते ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि त्याच्या कोटीभर प्रती खपल्याचे सांगितले जाते.

दुसरा मुलगा फिरोज खान. हाही बंगळूरचा, १९३९ चा, आणि अखेरची झोपही त्याने २००९ साली याच शहरात घेतली. आपल्या 'कुर्बानी' या चित्रपटातील बाकी सर्व गाणी कल्याणजी-आनंदजींकडे असताना, एका गाण्यासाठी त्याने लंडनमधील आपल्या या गाववाल्याकडे धाव घेतली, आणि कराचीत जन्मलेल्या, लंडनमध्ये शिकत असलेल्या नाझिया हसन या पंधरा वर्षांच्या मुलीकडून ते गाऊन घेतले. 'आप जैसा कोई' १९८० साली आले, आणि पुढील वर्षी बिद्दू व नाझिया यांचा 'डिस्को दीवाने'. भारतातील पॉप गाण्याचा इतिहास सांगणारे लोक मुंबईचे नाव घेतात, आणि व्यापार मुंबईतच झाला हे निर्विवाद आहे. परंतु या गाण्याच्या उगमाशी एका छावणीवजा, सैनिकांच्या बँडांनी, देवळांतील नादस्वरांनी आणि सिलोनच्या रेडिओने भरलेल्या शहरातील दोन शाळकरी मुले उभी आहेत. हे मला खालच्या दुकानदाराने सांगितले, कॅसेटच्या वेष्टनावरील नावावर बोट ठेवून, आणि सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते एखाद्या आप्ताची कीर्ती सांगणाऱ्या माणसाचे होते.

सर्वांना सारखेच परके

आमच्या कचेरीत टंकलेखन करणारी बाई पालक्काडची, शिपाई हलसूरचा तमिळ, जोडीदार उडुपीचा, वरिष्ठ म्हैसूरकडील, आणि एक मुलगा गवीपुरमचा मराठा. त्याच्या घरची मराठी ऐकून मी चकित झाले होते. क्रियापदे जुन्या बखरींतील, नामे निम्मी कन्नड. शहाजीराजांना १६३८ नंतर बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हापासून येथे येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांची ही वस्ती; शिवाजीराव गायकवाड नावाचा एक तरुण याच भागात वाढला, शहराच्या बसमध्ये वाहक होता, आणि १९७३ साली मद्रासच्या चित्रपटसंस्थेत दाखल होऊन पुढे रजनीकांत झाला. त्या मुलाच्या घराण्याला हा अभिमान होता आणि तो रास्तच होता.

जेवणाच्या सुटीत डबे एकत्र उघडले जात, पण गाणी एकत्र होत नसत. पालक्काडच्या बाईंचे येसुदास, जोडीदाराची यक्षगानातील पदे, माझ्या कानातील भीमसेन जोशी आणि मावशीच्या घरी सकाळी लागणारी मराठी भक्तिगीते, हे सर्व ज्याचे त्याने घरी ठेवून यावयाचे. कोणी आपल्या घरचे गाणे गुणगुणले, तर इतरांना ते आदराने ऐकावे लागे, आणि आदराने ऐकलेल्या गाण्यावर पाय हलत नाहीत. याउलट दुपारी खालून जे येई त्याची हिंदी आमच्यापैकी कोणाच्याच घरची नव्हती, इंग्रजी तर नव्हतीच नव्हती, आणि ठेका लंडनमधून आलेला. ते आम्हां सर्वांना सारखेच परके होते, म्हणून सारखेच आपले होऊ शकले. पॉप संगीतात खोली नाही, ते कोणत्याही मातीत रुजलेले नाही, हा आक्षेप मी वडीलधाऱ्यांकडून ऐकत आले आहे. मला असे ठामपणे वाटते, की ज्या खोलीत पाच भाषांचे तरुण एकाच मेजावर बसून परक्याचे जमाखर्च तपासत आहेत, तेथे त्या गाण्याचे हे मुळाशिवाय असणे हाच त्याचा मोठा गुण होता.

मावशी माझ्या या म्हणण्याशी सहमत नव्हती आणि आजही नाही. "अगं, शब्द तरी काय आहेत त्यात?" असे तिने तेव्हा विचारले होते, आणि ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या तिने यंदाही तेच विचारले. मी तिला गजानन वाटव्यांचे उदाहरण दिले. चाळीसच्या दशकात वाटवे पुण्याच्या गणेशोत्सवात रस्त्यावर भावगीते म्हणू लागले तेव्हा नाट्यसंगीतावर पोसलेल्या कानांना तीही हलकीच वाटली असणार. आणि त्यांच्यापुढे दाटीने बसणाऱ्यांत कचेऱ्यांतून सुटलेले तरुण कारकून किती असतील! मावशी क्षणभर थांबली, मग म्हणाली, "वाटव्यांना कविता कळत होती," आणि ते मला नाकारता आले नाही.

मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा आपल्या परीने छडा लावलेला आहे. माणसाच्या आठवणींचा सर्वांत दाट साठा दहाव्या ते तिसाव्या वर्षांच्या दरम्यानचा असतो, हे पुष्कळ पाहण्यांतून दिसून आले आहे. आणि हॉलब्रुक व शिंडलर या दोन अमेरिकन संशोधकांनी १९८९ साली निरनिराळ्या वयांच्या लोकांना जुनी-नवी गाणी ऐकवून असे काढले, की माणसाला सर्वाधिक प्रिय ती गाणी असतात जी तो सुमारे साडेतेवीस वर्षांचा असताना लोकप्रिय होती. वयाचे हे कारण मी मान्य करते, पण ते मला पुरेसे वाटत नाही. त्याच वयात ऐकलेली महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातील गाणी मला आठवत नाहीत; कचेरीतील आठवतात. भेद पैशाचा आहे.

महसुली तिकिटावरील सही

बटवडा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होई. वरिष्ठ एकेकाला काचेच्या खोलीत बोलावीत, पाकीट पुढे सरकवीत, मोजून घ्या म्हणत, आणि मग पावतीवर महसुली तिकीट चिकटवून त्यावर आडवी सही करावयास सांगत. जी मुलगी दिवसभर दुसऱ्यांच्या पावत्यांवर खुणा करीत होती, तिच्या नावाचीही एक पावती त्या दिवशी दप्तरी दाखल झाली. पुढील वर्षी एखादा उमेदवार तिच्यापुढे हिरवी खूण करणार, हा विचार मला त्या वेळी मोठा रोमांचक वाटला होता.

तोपर्यंत घरात आलेली प्रत्येक कॅसेट ही घराची असे. ती कोणती घ्यावी याचा विचार सर्वांनी मिळून होई, ती सर्वांना ऐकवेल अशी असावी लागे, आणि टू-इन-वनजवळ बसण्याचा मान वडिलांचा असे. बटवड्याच्या संध्याकाळी मी जिना उतरून खालच्या दुकानात गेले आणि भरलेली नव्हे, मूळ कंपनीची, मोहोरबंद 'मेड इन इंडिया' विकत घेतली, कोणालाही न विचारता. निवडीचा तो पहिला स्वतंत्र व्यवहार होता. त्यात मत होते, पैसा होता, आणि त्या पैशामागे स्वतःच्या कामाचे दिवस होते. ज्या गाण्यासाठी आपण स्वतःचे श्रम मोजून दिलेले असतात, ते गाणे आपल्या स्मृतीत निराळ्या खाती जमा होते, असे मला वाटते. आणि जोडीदारालाही तसेच वाटत असल्याचे यंदा कळले. तो आज जयनगरमध्ये स्वतःची कचेरी चालवितो, सर्व अशिलांचे हिशेब संगणकावर घेतो, आणि पहिल्या बटवड्यातून विकत घेतलेला चालताना ऐकण्याचा कॅसेटयंत्राचा डबा त्याने कपाटातून काढून मला दाखविला. त्यातील कॅसेट यक्षगानाची होती. पॉप तो कचेरीत फुकट ऐकत असे, आणि स्वतःच्या पैशाने त्याने घरचे गाणे घेतले. माझ्या उपपत्तीला हा अपवाद आहे, आणि तो मी येथे नोंदवून ठेवते.

खालचे दुकान आज औषधांचे आहे. कॅसेटचा धंदा एका फटक्यात बुडाला नाही. प्रथम सीडी आल्या, मग संगणकावर उतरविलेली गाणी, आणि ३ जुलै २००१ रोजी देशातील पहिली खाजगी एफ. एम. वाहिनी याच बंगळुरात सुरू झाली तेव्हा दिवसभर गाणे ऐकण्यासाठी दुकानासमोर उभे राहण्याचे कारण उरले नाही. जुन्या दुकानदाराच्या मुलाने सांगितले, की वडिलांनी शेवटी उरलेल्या कॅसेटी रद्दीत न देता शेजारच्या मुलांना वाटून टाकल्या.

आजचे उमेदवार

संध्याकाळी मी दुसऱ्या फेजमधील रंगशंकरात गेले. शंकर नाग १९९० साली अपघातात गेले. मराठी रंगभूमीवर उमेदवारी केलेल्या, चाफेकर बंधूंवरील '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या पटकथेत हात असलेल्या या कलावंताच्या नावाने अरुंधती नाग यांनी चौदा वर्षांच्या खटपटीनंतर २००४ साली हे नाट्यगृह उभे केले. उपाहारगृहात साबुदाणा वडा मिळतो, आणि त्यासाठी नाटक न पाहणारेही येतात. आसपासच्या माड्यांवरील कंपन्यांत सुटीपुरते काम करणारी मुले संध्याकाळी येथे जमतात, असे मला सांगण्यात आले होते, आणि ते खरे निघाले.

लातूरची एक मुलगी, हुबळीचा एक मुलगा, गुवाहाटीची एक आणि कोट्टायमचा एक, अशा चौघांच्या मेजावर मी बसले. त्यांचा मेहनताना बँकेत परस्पर जमा होतो. सही नाही, तिकीट नाही. काम करताना कानात गाणे लावण्यास त्यांना मनाई नाही, किंबहुना सगळे लावतात, आणि म्हणून एका खोलीत चार माणसे चार निरनिराळी गाणी ऐकत असतात. हे ऐकून मला प्रथम वाईट वाटले. परंतु पुढे कळले, की चौघांनी मिळून फोनवर गाण्यांची एक सामाईक यादी केलेली आहे, जेवणाच्या सुटीत ती सर्वांना ऐकू येईल अशी लावली जाते, आणि तिच्यात प्रत्येकाने आपल्या घरचे एक गाणे घालावयाचे असा करार आहे. हुबळीच्या मुलाने रघु दीक्षितांचे घातले होते. शिशुनाळ शरीफांची पदे गिटारवर गाणारे हे गायक म्हैसुरात वाढलेले असले तरी जन्माने नाशिकचे, हे मी सांगितले तेव्हा लातूरच्या मुलीने ते ताबडतोब आपल्या वाट्यास ओढले.

यादीत सर्वाधिक गाणी मात्र कोरियातील होती. चौघांपैकी एकालाही ती भाषा येत नाही, गाणाऱ्या मुलांची नावे मात्र सर्वांना पाठ आहेत. अर्थ न समजता काय ऐकता, असे मी विचारले. मावशीचा प्रश्न माझ्या तोंडून निघत आहे हे मला बोलता बोलताच जाणवले. कोट्टायमचा मुलगा म्हणाला, की हिंदी लावली तर तो मागे पडतो, मल्याळम लावली तर बाकीचे, कोरियनमध्ये कोणीच मागे पडत नाही. गुवाहाटीच्या मुलीला हे पटले नाही. चाल चांगली आहे म्हणून ऐकतो, एवढेच, असे ती म्हणाली, आणि त्यावर चौघांत जो वाद जुंपला तो मराठी, इंग्रजी, हिंदी व कन्नड अशा सर्व भाषांतून बराच वेळ चालला. मी लातूरच्या मुलीला पहिल्या पैशांचे काय घेतले ते विचारले. ती सांगू लागली, तोच साडेसातच्या प्रयोगाची घंटा झाली. रंगशंकरात उशिरा येणाऱ्यास आत घेत नाहीत, मग तो कोणीही असो. चौघांनी वड्यांच्या बशा तशाच टाकल्या, तिकिटे शोधली, आणि वाद घालीतच ती दाराकडे धावली.